शहर ते शहर सायकल मोहीम: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या मोहिमेत आम्ही सहा जण होतो. चार दिवस, तीन शहरं, ३४० किलोमीटर. अंगात ‘सुरक्षित सायकलमार्ग हवा’ असं छापलेले टीशर्ट, शेवटच्या दिवशी फोटो, भाषणं, टाळ्या. पुढच्या आठवड्यात निवेदन घेऊन कचेरीत गेलो. समोरच्या अभियंत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अडचण नेमकी कुठे आहे?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. रस्ता वाईट होता हे सगळ्यांना आठवत होतं. कितव्या किलोमीटरला, कुठल्या पुलाच्या तोंडाशी, हे एकालाही सांगता येईना.

तेव्हापासून मी मोहिमेला निघतो तो सर्वेक्षणाला निघाल्यासारखा. खालचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे. तुम्हाला विक्रम करायचा असेल तर तयारी वेगळी लागेल आणि मी त्यातला जाणकार नाही.

१. दोन टोकं ठरवा, आणि ती फार लांब नकोत

नवख्यांना पहिला मोह पडतो तो अंतराचा. हजार किलोमीटर ऐकायला भारी वाटतं, पण तेवढा मार्ग रोज वापरणारं कुणी नसतं. शिवाय तो इतक्या हद्दींतून जातो की कुणाच्या दारात उभं राहायचं तेच कळत नाही. पहिल्या खेपेला ४० ते ८० किलोमीटर अंतरावरची, रोजची ये-जा असलेली दोन शहरं घ्या. जाऊन-येऊन तीन दिवसांत काम होतं आणि चौथ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर असता.

जगात जे मार्ग झाले तेही बहुतेक तुकड्यातुकड्यांनीच झाले. इंग्लंडमधला ब्रिस्टल ते बाथ हा सायकलमार्ग जेमतेम २१ किलोमीटरचा. बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर १९७९ ते १९८६ या काळात तो झाला आणि बरंच काम स्वयंसेवकांनी केलं. जर्मनीतल्या रूर भागात सुमारे १०० किलोमीटरचा द्रुतगती सायकलमार्ग आखला गेला. त्यातला म्यूलहाइम ते एसेन हा तुकडा २०१५ साली आधी खुला झाला. युरोव्हेलो या युरोपभरच्या लांब सायकलमार्गांच्या जाळ्यातला, अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा सहा क्रमांकाचा मार्ग नकाशात एका दमात काढलेल्या रेघेसारखा दिसतो. प्रत्यक्षात लोआर, ऱ्हाइन, डॅन्यूब या नद्यांकाठच्या वाटा जोडत तो पुढे गेला आहे.

२. मार्ग आधी कागदावर, मग डोळ्यांनी

नकाशावर एकाऐवजी तीन रेघा काढा. पहिली हमरस्त्याची. दुसरी त्याला समांतर गावांमधून जाणाऱ्या जुन्या रस्त्याची. तिसरी कालवा, नदीकाठ, बंद रेल्वे असं काही असेल तर त्याची. पुढे निवेदन देताना ‘यांतला कुठला मार्ग सुधारणं सोपं आहे’ हे तुम्हालाच सांगायचं आहे.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर आधारलेले सायकलचे नकाशे यासाठी चांगले. त्यांत रस्त्याचा पृष्ठभाग, चढ, पायवाटा अशा गोष्टी दिसतात. ठरलेला मार्ग जीपीएक्स फाइल (फोन आणि जीपीएस यंत्रांना वाचता येणारी मार्गाची फाइल) म्हणून साठवा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण नेटवर्क नेमकं फाट्यावरच जातं.

एक सापळा इथेच आहे. ॲपमध्ये ‘सायकल’ हा पर्याय निवडला की ते मार्ग काढून देतं, आणि आपण समजतो की कुणीतरी तो तपासला असेल. ॲपला तेवढंच माहीत असतं जेवढं कुणीतरी नकाशात भरलंय. मला एकदा अशाच मार्गाने नांगरलेल्या शेताच्या बांधावर नेऊन सोडलं होतं. उपग्रहाचं चित्र मोठं करून बघितलं असतं तर घरीच कळलं असतं.

मग एकदा स्वतः जाऊन या, सायकलवर नाही तर कुठल्याही वाहनाने. सगळा रस्ता बघायला वेळ नसेल तर पूल, बोगदे, रेल्वे ओलांडायच्या जागा, हमरस्त्याला मिळणारे फाटे आणि शहराची वेस एवढं तरी बघाच. २०१२ साली मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या अमेरिकन संशोधकांनी सायकलस्वाराला रस्त्यावर येणाऱ्या ताणाची चार पायऱ्यांची प्रतवारी मांडली. तिचं सूत्र असं की अख्ख्या मार्गाची प्रत त्यातल्या सगळ्यात वाईट दुव्यावरून ठरते. साठ किलोमीटर निवांत रस्ता आणि मध्ये तीनशे मीटरचा अरुंद, भरधाव पूल असेल, तर साधा माणूस त्या मार्गाने जाणारच नाही. तुमची मोहीम खरं तर त्या तीनशे मीटरसाठी आहे.

३. परवानग्या आणि कागद

काही रस्त्यांवर, विशेषतः द्रुतगती मार्गांवर, बऱ्याच देशांत सायकलला बंदी असते. तुमच्या मार्गातला एखादा तुकडा तसा आहे का, ते आधीच बघा. दहा-पंधरा जणांहून मोठा गट असेल तर पोलिसांना लेखी कळवा. परवानगीची सक्ती नसली तरी कळवा. वाटेत कुणी अडवलं तर ते पत्र दाखवता येतं.

सोबत ठेवायचे कागद:

– प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याची प्रत
– पोलिसांना आणि प्रशासनाला दिलेल्या पत्रांच्या पोहोच
– प्रत्येकाचा रक्तगट, औषधं, ॲलर्जी आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर, पाण्यात न भिजणाऱ्या पाकिटात
– अपघात विम्याचे कागद (‘क्रीडास्पर्धा’ किंवा ‘आयोजित मोहीम’ वगळल्याची अट आहे का, ते बारीक अक्षरांत शोधा)
– सहभागींचं संमतीपत्र. अठराच्या आतले असतील तर पालकांचं
– दिवसाचा मार्ग आणि मुक्कामाचे पत्ते, ज्याची एक प्रत घरी राहणाऱ्या माणसाकडे

४. सायकल आणि सामान

नवीन सायकल घ्यायची गरज नाही. आहे ती अंगाला बसणारी असावी: पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला की सीटची उंची साधारण बरोबर. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असले तर खडबडीत कडेवरून जाताना जीव टांगणीला लागत नाही. सामान मागच्या कॅरिअरवर. पाठीवर पिशवी घेऊन तासाभरात खांदे दुखतात आणि मग माणूस मान वळवून मागे बघायचं टाळू लागतो. तो खरा धोका.

हत्यारांच्या पाकिटात दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनची जोडकडी, ब्रेकचे एक जोड गुटके. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा, दिवसाही चालू. पंक्चर काढायला घरी शिका आणि दोनदा करून बघा. मागचं चाक काढून परत बसवणं हेच नवख्यांना जमत नाही, ट्यूब बदलणं सोपं असतं.

झेंड्यांबद्दल एक विनंती. सायकलला मोठा झेंडा किंवा फलक बांधून चालवू नका. जड ट्रक शेजारून गेला की हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते, आणि फडकणारं कापड तुम्हाला दोन्ही वेळा हलवतं. फलक गुंडाळून न्या आणि थांबल्यावर उलगडा.

५. शरीर

सहा ते आठ आठवडे पुरतात. एका दिवशी खूप लांब जाण्यापेक्षा सलग दोन दिवस मध्यम अंतर चालवून बघा, कारण मोहिमेत त्रास होतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना. सामानासह तासाला १५ किलोमीटरचा वेग धरा. थांबे, नोंदी आणि गाठीभेटी धरून दिवसाला ५० ते ६० पुरे. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. यापेक्षा जास्त मी सांगायला नको.

६. रस्त्यावर गट कसा चालतो

सगळ्यांत पुढे मार्ग माहीत असलेला आणि सगळ्यांत मागे न चिडणारा माणूस. पुढच्याचा वेग मागच्यावरून ठरतो. दहाहून जास्त जण असतील तर पाच-सहा जणांचे गट करा आणि त्यांच्यात वाहनाला आत यायला जागा राहील एवढं अंतर ठेवा. लांबलचक रांग ओव्हरटेक करताना चालक मध्येच अडकतो आणि आत घुसतो. खड्डा, काच, थांबा यांच्या हाताच्या खुणा आदल्या दिवशी ठरवा.

सोबतच्या गाडीचा घोळ जवळजवळ प्रत्येक नवीन गट करतो. रक्षण म्हणून गाडी सायकलींच्या मागे पंधराच्या वेगाने रांगत राहते. मागून येणाऱ्याला गाडी दिसते, तिच्यापुढच्या सायकली दिसत नाहीत. तो वेगात तिला वळसा घालतो आणि थेट सायकलस्वारांवर येतो. गाडीने दहा-बारा किलोमीटर पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबावं, गट पुढे गेला की पुन्हा पुढे जावं.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. सायकलस्वार हलतो, त्याला साधारण एक मीटर जागा लागते, आणि कडेला काच, खडी, तुटकी साइडपट्टी असते. चालकाला ‘इथून निघेल’ असं वाटण्याइतकी फट मिळाली की तो घुसतो.

७. नोंदी: या मोहिमेचं खरं काम

रोज दोघांना फक्त नोंदींचं काम द्या. सगळ्यांनी सगळं टिपायचं ठरवलं की कुणीच काही टिपत नाही. आळीपाळीने द्या, नाहीतर ते दोघे तिसऱ्या दिवशी बोलेनासे होतात.

प्रत्येक नोंदीत एवढं हवं: तारीख आणि वेळ, किलोमीटरचा दगड किंवा जीपीएसची जागा, अडचण एका वाक्यात, तिची लांबी, आणि दोन फोटो. पहिला फोटो लांबून, जागा ओळखू येईल असा. दुसरा जवळून. फोनमधलं फोटोसोबत जागा साठवणारं सेटिंग आदल्या रात्री तपासा. आमच्या दुसऱ्या मोहिमेतले अर्धे फोटो ते बंद असल्यामुळे वाया गेले, आणि एकसारख्या दिसणाऱ्या चाळीस खड्ड्यांपैकी कुठला कुठे हे ओळखत दोन संध्याकाळी गेल्या.

साइडपट्टीची रुंदी मोजायला टेप नसेल तर सायकलच आडवी धरा. मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. तुमची घरी मोजून आकडा हँडलवर चिकटवून ठेवा. पट्टीवर आडवी सायकल मावत नाही असा फोटो दाखवला की पुढचं समजवावं लागत नाही. मात्र वाहनं थांबल्याशिवाय, दुसरा माणूस मागे लक्ष ठेवून असल्याशिवाय हा प्रकार करू नका.

वाहनांची मोजणी सोपी आहे. सुरक्षित जागी १५ मिनिटं थांबून जड वाहनं, हलकी वाहनं, दुचाकी, सायकली, चालणारे अशा पाच रांगांत रेघा मारायच्या. सकाळची गर्दी आणि दुपार अशा दोन वेळा. सायकलींचा आकडा लहान आला तर दडवू नका. कुणी पोहत नदी ओलांडत नाही म्हणून पुलाची गरज नाही, असं कुणी म्हणत नाही.

शेजारून घासून जाणाऱ्या वाहनांची नोंद जरा अवघड. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं, स्पेनमध्ये दीड मीटर. हे अंतर चालत्या सायकलवरून नजरेने नेमकं सांगता येत नाही. बाथ विद्यापीठातल्या इयन वॉकर यांनी सायकलला अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवून दोन हजारांहून जास्त ओव्हरटेक मोजले होते. तुमच्याकडे तसं यंत्र नसेल तर एक कसोटी निघण्याआधी ठरवा. आमची अशी आहे: हात आडवा पसरला असता तर लागला असता का? हो असेल तर हँडलवरच्या मोजणीयंत्राचं बटण दाबायचं. दर दहा किलोमीटरला आकडा लिहून शून्य करायचा. निवेदनात ही कसोटी जशीच्या तशी लिहा, मीटरमध्ये रूपांतर करू नका. मीटरमध्ये बदललेला आकडा पहिल्या शंकेला कोसळतो.

आणि जिथे चांगलं आहे तेही टिपा. सावलीचा, शांत, गुळगुळीत तुकडा मिळाला तर तो नकाशावर हिरवा करा. नुसत्या तक्रारींच्या यादीत मार्ग दिसत नाही.

हे सगळं त्याच रात्री एका तक्त्यात भरा. उद्यावर टाकलं की गेलं.

८. वाटेत भेटायचं कुणाला

स्वागताला येणारे आपोआप भेटतात. मुद्दाम शोधायचे ते त्या रस्त्याने रोज सायकलवर जाणारे: कामगार, शाळेतली मुलं, वस्तू पोचवणारे. ते ‘मोहीम’ वगैरे म्हणत नाहीत, पण कुठल्या वळणावर कुठल्या वेळी जीव मुठीत धरावा लागतो हे त्यांना पाठ असतं. आणि सायकल असून न वापरणाऱ्यांना कारण विचारा. त्यांचं उत्तर तुमच्या सगळ्या फोटोंपेक्षा कामाचं ठरू शकतं. मुलांच्या जिवाची भीती हे असंच एक उत्तर. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती; तिथल्या पालकांनी उभ्या केलेल्या आंदोलनाचं नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असं होतं.

माणसांची नावं आणि चेहरे मात्र परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. तुमचा जीपीएसचा माग सगळ्यांसाठी खुला करण्याआधी त्यातलं घराजवळचं टोकही कापा.

९. निवेदन

परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत द्या. आधी शोधा, कुठला तुकडा कुणाच्या ताब्यात आहे. शहराच्या वेशीवर सायकलपट्टी अचानक संपते ती बहुधा याच कारणाने: अलीकडचा रस्ता एकाचा, पलीकडचा दुसऱ्याचा. कोपनहेगनच्या परिसरात अनेक नगरपालिका एकत्र बसल्या तेव्हा कुठे हद्दी ओलांडणारे सायकलमार्ग झाले. पहिला २०१२ साली आल्बर्ट्सलुंड या उपनगरापासून शहरापर्यंत. म्हणून तुकड्यागणिक वेगळं निवेदन करा आणि प्रत्येकात बाकीच्यांची प्रत कुणाला दिली ते लिहा.

दोन पानांपेक्षा मोठं नको. पहिल्या पानावर नकाशा, त्यावर लाल ठिपके, जास्तीत जास्त दहा. दुसऱ्यावर तक्ता: जागा, अडचण, मागणी. बाकी सगळं जोडपत्रात. मागण्या तीन थरांत लावा. काही आठवड्यांत होण्यासारख्या: गटाराची जाळी आडवी फिरवणं, खडी साफ करणं, फलक लावणं. मग पट्टे, वेगमर्यादा, चौकातली सुधारणा. शेवटी पुलाला जोडून वेगळी वाट. कधीकधी नवीन रस्त्याची गरजही नसते. बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ साली आधीच्याच शांत रस्त्यांच्या चौकांना क्रमांक दिले आणि फलक लावले. एका क्रमांकावरून दुसऱ्यावर जात माणूस हवा तो मार्ग जोडतो. ही पद्धत मग नेदरलँड्सभर पसरली.

३ जून हा जागतिक सायकल दिन आहे, २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला. त्या दिवशी निवेदन देऊ नका. सगळे त्याच दिवशी येतात, फोटो होतो आणि कागद ढिगात जातो. एखादा साधा मंगळवार बघा, अभियंत्याची आधी वेळ घ्या. आणि पोहोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मला एका ठिकाणी ‘तुमचा कागद आलाच नाही’ असं तीन महिन्यांनी ऐकायला मिळालं, आणि माझ्याकडे फक्त हसतानाचा फोटो होता.

१०. पाठपुरावा

दर सहा आठवड्यांनी एक फोन किंवा पत्र, त्यात पोहोचेचा क्रमांक. सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कोनातून पुन्हा फोटो. सगळा मार्ग परत चालवायची गरज नाही, दहा ठिपके पुरेत. एकच माणूस हे सांभाळणार असेल तर त्याचं नाव मोहिमेच्या आधी ठरवा, कारण नंतर सगळे कामाला लागलेले असतात.

आमच्या दहापैकी पहिला ठिपका मिटला तो गटाराच्या जाळीचा. तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने होत्या, बारीक टायर त्यांत सरळ अडकायचा. कुणीतरी ती उचलून आडवी बसवली. नवीन काही लागलं नाही, अर्ध्या तासाचं काम. कागदावरून ते व्हायला चार महिने लागले. उरलेल्या नऊपैकी दोन झाले आहेत, आणि पुलाच्या तोंडाचा ठिपका अजून लाल आहे. पुढच्या महिन्यात तिथला फोटो पुन्हा काढायचा आहे.